हवानात गळ्यात मारल्या जाणाऱ्या सिगार आणि बाद झालेल्या नोटा

ओबिस्पो हा क्युबाच्या राजधानीतला, जुन्या हवानातला पायी फिरायचा रस्ता. पार्क सेंत्रालकडून बंदराच्या दिशेने निघालं की दर थोड्या अंतरावर एखाद्या बारमधून वाजंत्री ऐकू येते, पायऱ्यांवर बायका गप्पा छाटत बसलेल्या असतात, बोळात डॉमिनोचा डाव रंगलेला असतो. इथली माणसं खरोखर बोलकी आहेत, आणि फसवणारे नेमके याच मोकळेपणाचा आडोसा घेतात.

सुरुवात एकाच प्रश्नाने होते: "कुठले तुम्ही?" भारत म्हटलं की कौतुक, मग चार पावलं सोबत, आणि मग सहज आठवल्यासारखं, "आज सिगार कामगारांच्या सहकारी संस्थेचा शेवटचा दिवस, आज निम्म्या किमतीत मिळतात. माझी बहीण कारखान्यातच आहे." असा कोणताही दिवस नसतो. कामगारांना ओढायला मोजक्या सिगार मिळतात, हे खरं. पण सीलबंद खोकी विकायची मुभा त्यांना नसते.

पुढे एखाद्या जुन्या इमारतीचा अंधारा जिना, वरच्या मजल्यावरची खोली, पलंगावर मांडलेली खोकी. आत बहुतेक वेळा कोहिबा या नामांकित क्युबन ब्रँडच्या सिगार, कारण नवख्या माणसाला तेवढंच नाव ठाऊक असतं. भाव दीडशे डॉलरला सुरू होऊन दाराकडे वळताच साठावर येतो. 2022 मध्ये कोहिबाच्या किमती जगभर जवळपास एका पातळीवर आणल्या गेल्या, त्यामुळे ती हवानाच्या सरकारी दुकानातही स्वस्त नाही. पंचवीस कोहिबा साठ डॉलरला मिळत असतील तर पुढचं काही तपासायचीही गरज नाही.

तरी खोकं हातात आलंच, तर आधी झाकण बघा. काचेच्या झाकणाची कोहिबा असली तर ती नकलीच, कारण कंपनीने तसं खोकं कधी काढलेलंच नाही. खऱ्या खोक्यावर डावीकडे हिरवट-पांढरं हमीचं सील असतं, हल्ली त्यावर होलोग्राम आणि बारकोड. वरच्या उजव्या कोपऱ्यात तिरकी 'हबानोस' पट्टी. आणि तळाला लाकडात डागून उमटवलेली अक्षरं, शेजारी कारखान्याचा संकेत आणि महिना-वर्षाचा शिक्का. पण नुसत्या सीलवर विसंबू नका, चोरलेली आणि नकली सीलं सर्रास फिरतात. सगळ्या सिगारांची टोकं एकाच उंचीची आहेत का, रंग एकसारखा आहे का, हे पाहा. खऱ्या खोक्यात त्या रंगाच्या छटेनुसार लावलेल्या असतात. एक सिगार उभी चिरली तर अस्सल हाती वळलेल्या कोहिबात टोकापासून टोकापर्यंत अख्खी पानं दिसतात, नकलीतून बहुधा चुरा गळतो. अर्थात विकणारा चिरू देत नाही.

विमानतळावर आणखी एक अडचण. सुट्या वीसच सिगार बिनपावतीच्या नेता येतात, सीलबंद खोक्यांत असतील तर पन्नासपर्यंत; त्यापुढे सीलबंद खोकी आणि अधिकृत दुकानाची पावती दोन्ही लागतात. भारतात करमुक्त 25 सिगारच आणता येतात. आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर सप्टेंबर 2020 पासून क्युबन सिगार सामानातून नेणंच बंद आहे, खऱ्या असोत वा खोट्या.

याच मंडळींची दुसरी अडचण पैशांची. अमेरिकी बँकांची कार्डं क्युबात चालत नाहीत, म्हणून रोकड न्यावी लागते, आणि रोकड दिसली की रस्त्यावर दर सांगणारे येतात. सरकारी दरापेक्षा रस्त्यावरचा दर जास्त असतो, म्हणून मोह होतो. पण हा व्यवहार बेकायदा आहे, तक्रार करायची सोय उरत नाही, आणि गठ्ठ्यात 2021 साली चलनातून काढलेले परिवर्तनीय पेसो (साध्या पेसोसोबत चालणारं क्युबाचं तेव्हाचं दुसरं चलन) सरकवले जातात. ओळखायची खूण सोपी: त्या बाद नोटांवर 'पेसोस कॉन्व्हर्तिब्लेस' छापलेलं असतं आणि पुतळे-स्मारकांची चित्रं असतात, चालू नोटांवर माणसांचे चेहरे असतात. नोटा मोजून होईपर्यंत डॉलर हातातून सोडू नका. आणि चे गेव्हाराचं चित्र असलेली तीन पेसोची नोट 'आठवण' म्हणून कुणी डॉलरला देऊ लागला तर ती चालू चलनातली अगदी किरकोळ किमतीची नोट आहे, हे लक्षात असू द्या.

सगळ्यांत जिव्हारी लागते ती दुधाची फसवणूक, कारण तीत टंचाई खरी असते. क्युबात रेशनकार्डावर स्वस्त दूध मुख्यतः लहान मुलांना मिळतं, आणि तेही अनेकदा वेळेवर येत नाही. रस्त्यात गाठलेली बाई म्हणते, पैसे नकोत, बाळासाठी फक्त दुधाची पावडर घेऊन द्या. ती दाखवते त्याच दुकानात चढ्या भावाने डबा घेतला जातो. तुम्ही कोपऱ्यावरून वळलात की डबा परत फळीवर आणि पैसे दोघांत वाटले जातात.

मुक्कामाच्या घराबाबतही असंच. दारातच कुणी गाठून "मीच मालक, आत पाण्याचा पाईप फुटलाय, चला दुसरीकडे" म्हणाला, तर त्याच्याशी वाद न घालता बेल वाजवा. भाड्याने खोली देणाऱ्या परवानाधारक घराच्या दारावर पांढऱ्यावर निळी, नांगरासारखी खूण असते.

मदत करायचीच असेल तर ताप-दुखीच्या गोळ्या, साबण, लहान मुलांच्या वस्तू घरूनच न्या आणि निघताना घरमालकिणीच्या हाती द्या. गल्लीत कुणाकडे काय संपलंय, हे तिला नक्की ठाऊक असतं.