जुने रोल-प्लेइंग गेम : सुरुवात कोणत्या गेमपासून करावी? नऊ महिन्यांच्या खेळानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवले की, ज्या जुन्या रोल-प्लेइंग गेमांची (ज्यांत आपण एका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेतो, त्या संगणकीय खेळांची) नावे इतकी वर्षे नुसती ऐकत आले, ते आता नीट आणि शेवटापर्यंत खेळायचे. तेव्हापासून रात्रीची जेवणे आणि आवराआवर झाली की दीड तास त्यासाठी राखून ठेवलेला आहे. या नऊ महिन्यांत ‘क्रोनो ट्रिगर’, ‘फॉलआउट’, ‘बाल्डर्स गेट’ आणि ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ हे चार गेम पूर्ण झाले. यांतले शेवटचे दोन मी चार वर्षांपूर्वीही हाती घेतले होते आणि दोन्ही अर्धवट सोडले होते. तेच गेम या वेळी वेगळ्या क्रमाने खेळल्यावर इतके आवडले की, आधीच्या अपयशाचे कारण गेममध्ये नव्हते आणि माझ्यातही नव्हते, ते केवळ क्रमात होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्या वेळी मी सर्वोत्तम गेमांच्या यादीत जो सर्वांत वर होता तोच आधी घेतला. नवखी व्यक्ती असेच करते, आणि तिथेच गाडी अडते. गेम किती थोर आहे यापेक्षा आपण केलेल्या चुकीचे तो काय करतो, हे पहिल्या निवडीत महत्त्वाचे असते. नवीन खेळणारा पहिल्या दहा तासांत चुकांखेरीज दुसरे फारसे काही करत नाही. त्या चुका पोटात घालणारा, पण विसरून न जाणारा गेम आधी हवा.

कालक्रमाने जाण्याचा मार्गही मी करून पाहिला. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या दोन्ही मालिकांची सुरुवात 1981 सालची. ‘विझर्ड्री’च्या भुयारांत वाट सापडावी म्हणून त्या काळी लोक चौकटीच्या कागदावर नकाशे काढत, आणि तुमची सगळी तुकडी आत मारली गेली तर ते देह तिथेच पडून राहतात, नवी तुकडी उभी करून ते बाहेर आणावे लागतात. 2024 साली आलेल्या नव्या आवृत्तीत मी आठवडाभर हे केले. इतिहास म्हणून त्याचे मोल मोठे आहे, पण पहिला गेम म्हणून तो मी कोणालाही सुचवणार नाही. या दोन मालिकांचा प्रभाव घेऊनच युजी होरी यांनी जपानमध्ये 1986 साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला आणि किचकट भाग गाळून हा प्रकार घराघरांत नेला. पुढे ‘फायनल फँटसी’चे हिरोनोबू साकागुची, होरी आणि चित्रकार अकिरा तोरियामा हे तिघे एकत्र आले आणि मार्च 1995 मध्ये ‘क्रोनो ट्रिगर’ प्रसिद्ध झाला. सुरुवात करायची ती इथून.

सुरुवात अगदी साधी आहे. इसवी सन 1000. आई क्रोनोला झोपेतून उठवते आणि तो गावच्या जत्रेला जातो. तिथे एका मुलीला त्याची धडक बसते, तिचे लोलक जमिनीवर पडते. जत्रेत एका टेबलावर कोणाचा तरी डबा ठेवलेला असतो. माझ्या शेजारी आठवीतला भाचा बसला होता. गेममध्ये दिसेल ते उचलायचे असते, एवढे आम्हां दोघांना ठाऊक होते, म्हणून आम्ही तो डबा खाल्ला आणि पुढे गेलो. दोन-अडीच तासांनी क्रोनोवर राजवाड्यात खटला उभा राहतो आणि भर न्यायालयात त्या डब्याचा विषय निघतो. भाचा खुर्चीतून उठलाच. ‘मावशी, तो डबा आपण खाल्ला होता ना!’ धडकेनंतर आधी मुलीची विचारपूस केली की आधी लोलक उचलले, हेही तिथे निघते. एका लहान मुलीचे हरवलेले मांजर आम्ही परत नेऊन दिले होते, तेवढी एक गोष्ट आमच्या बाजूने बोलली. मग ज्युरीचे सदस्य एकेक करून मत देतात.

निकाल काहीही लागला तरी क्रोनो तुरुंगात जातो आणि कथा पुढे सरकते. म्हणजे डबा खाल्ला म्हणून गेम तुमची वाट बंद करत नाही, पण तुम्ही काय केले ते त्याने लक्षात ठेवले होते, हे तो एकदा सर्वांसमोर सांगतो. रोल-प्लेइंग म्हणजे काय, हे मला त्या पाच मिनिटांत जितके कळले तितके आधीच्या दोन अर्धवट प्रयत्नांत कळले नव्हते. त्या रात्रीनंतर कोणत्याही गेममध्ये कोणाची वस्तू उचलताना माझा हात क्षणभर थांबतो.

बाकीच्या गोष्टीही नवख्याला सोयीच्या आहेत. बहुतेक शत्रू नकाशावर आधीच दिसतात. त्या काळच्या अनेक जपानी गेमांप्रमाणे दर दहा पावलांना अचानक लढाई सुरू होत नाही. लढाई चालू जागेवरच होते, तीनच पात्रे सांभाळायची असतात, आणि सेटिंगमध्ये ‘वेट’ हा पर्याय निवडला तर तुम्ही यादीतून मंत्र किंवा वस्तू शोधत असताना शत्रू थांबतो. संवाद आखूड आहेत. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि इंग्रजी सावकाश वाचणाऱ्या माणसाला त्यांचे ओझे होत नाही. यासुनोरी मित्सुदा यांचे संगीत तर आमच्या घरात आता भांडी घासतानाही गुणगुणले जाते. मला एकूण सव्वीस तास लागले. एकदा पूर्ण केल्यावर त्याच ताकदीची पात्रे घेऊन पुन्हा सुरुवात करता येते आणि वेगवेगळे शेवट पाहता येतात. भाच्याने ते काम परस्पर हाती घेतले आहे.

दुसरा गेम ‘फॉलआउट’, 1997 सालचा, टिम केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. अणुयुद्धानंतरचा कॅलिफोर्निया, साल 2161. जमिनीखालच्या तेराव्या व्हॉल्टमधल्या (युद्धापासून बचावासाठी बांधलेल्या तळघरातल्या) वस्तीचे पाणी शुद्ध करणारी चिप बिघडली आहे आणि नवी चिप आणायला तुमच्याकडे 150 दिवस आहेत. इथे पात्र तुम्ही स्वतः घडवता : ताकद, निरीक्षण, चिवटपणा, छाप, बुद्धी, चपळाई आणि नशीब या सात गुणांत पॉइंट वाटायचे, आणि अठरा कौशल्यांपैकी तीन आपली म्हणून निवडायची. या वाटणीला खरा अर्थ आहे. चपळाई जितकी जास्त, तितक्या लढाईतल्या आपल्या एका पाळीत जास्त हालचाली करता येतात. बुद्धी फारच कमी ठेवली, तर तुमच्या पात्राला धड वाक्येही बोलता येत नाहीत आणि लोक तुमच्याशी त्याच पद्धतीने वागतात.

हा गेम चुकीची शिक्षा करतो, पण शिक्षा कशाबद्दल झाली ते कळते. माझेच सांगते. जखमा भरण्यासाठी मी दर लढाईनंतर विश्रांती घेत असे. औषधे वाचतात, म्हणून मला तो शहाणपणा वाटला. पण विश्रांतीला दिवस लागतात, वाळवंटातल्या प्रवासालाही दिवस लागतात, आणि मनगटावरच्या पिपबॉय या छोट्या संगणकात उरलेले दिवस दिसत असूनही मी तिकडे पाहिलेच नव्हते. सेव्ह करायला दहा जागा असताना मी प्रत्येक वेळी एकाच जागेवर सेव्ह करत होते. जेव्हा पाहिले तेव्हा अठरा दिवस उरले होते आणि चिपचा पत्ता नव्हता. अकरा तासांचा खेळ सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दुसऱ्या खेपेला मी वही ठेवली : कोणत्या गावी किती दिवस गेले, कोण काय म्हणाले, दोर कुठे मिळतो. हब या व्यापारी गावात पैसे भरून व्हॉल्टकडे पाणी पाठवता येते आणि मुदत वाढते, हे मला वहीतल्या एका ओळीवरून सुचले. ते सुचल्याचा आनंद अजून ताजा आहे.

शेडी सँड्स या पहिल्या गावातले लोक ‘धर्म’ नावाच्या एका थोर पुरुषाची वचने सांगतात, हे ऐकून मी दोन मिनिटे थांबले होते. इतक्या दूरच्या कल्पित वाळवंटात आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द भेटला. माणसे उद्ध्वस्त जगातून बाहेर पडताना काय बरोबर नेतात, याबद्दल करणाऱ्यांनी मनापासून विचार केलेला दिसतो.

आता ‘बाल्डर्स गेट’. कॅनडातल्या बायोवेअरचा हा गेम डिसेंबर 1998 मध्ये आला, आणि मी खेळले ती 2012 ची सुधारित आवृत्ती. कँडलकीपच्या ग्रंथालयात वाढलेले तुमचे पात्र पालकपित्याच्या मृत्यूनंतर एकटे पडते, आणि तुम्ही मदतीसाठी फ्रेंडली आर्म नावाच्या धर्मशाळेकडे जाता. धर्मशाळेच्या पायऱ्यांवर एक माणूस सहज बोलल्यासारखे नाव विचारतो आणि मंत्र टाकायला लागतो. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचा जीव जेमतेम चार-सहा पॉइंटांचा असतो. चार वर्षांपूर्वी मी त्या पायऱ्यांवर सात वेळा मेले आणि गेम काढून टाकला.

या वेळी दोन वेळा मेले, तिसऱ्या खेपेला जिंकले. बदलले काय होते? स्पेसबार दाबून खेळ थांबवायचा, कोणाला कुठे उभे करायचे ते ठरवायचे, शत्रूचा मंत्र पूर्ण होण्याआधी त्याला मार लागला तर मंत्र फसतो हे लक्षात घ्यायचे, असा थांबून विचार करण्याची सवय मला ‘फॉलआउट’च्या पाळीपाळीच्या लढायांनी लावली होती. हा गेम स्वतः ते नीट शिकवत नाही. त्याचे नियम टेबलावर फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीचे आहेत, आणि त्यात चिलखताचा आकडा जितका कमी तितके चिलखत चांगले. हे कोणी सांगितले नाही तर माणूस चांगले चिलखत विकून वाईट घेतो. म्हणून माझी विनंती आहे की, पहिले दोन-तीन तास नियम समजून घेण्यासाठीच आहेत असे धरून चाला, आणि तुकडीतल्या सहाही जागा भरेपर्यंत रानात फिरू नका. सहा जण जमले, लेव्हल तीन-चारपर्यंत पोचली की खेळ खुलतो, आणि मग नकाशावरचा प्रत्येक काळा भाग उजेडात आणल्याशिवाय चैन पडत नाही. मला ऐंशी तासांहून अधिक लागले आणि त्यातले मधले तीस तास माझ्या नऊ महिन्यांतले सर्वांत सुखाचे होते.

‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ शेवटी ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. डिसेंबर 1999 चा हा गेम, मुख्य आखणी ख्रिस अव्हेलोन यांची. नायकाला नाव नाही. तो शवागारातल्या ओट्यावर जागा होतो, त्याला काहीच आठवत नाही, आणि तरंगणारी एक कवटी त्याच्याशी बोलू लागते. तो मरत नाही. मेला तरी पुन्हा उठतो. चार वर्षांपूर्वी मला हे फक्त विचित्र वाटले होते. या वेळी, तीन गेमांत शेकडो वेळा मरून, प्रत्येक वेळी सेव्ह उघडून परत आल्यावर, ‘हा माणूस मेला तरी उठतो’ या वाक्याचा अर्थ वेगळाच लागला. आतापर्यंत जे आपण खेळाची सोय म्हणून गृहीत धरले होते तेच इथे या माणसाचे दुःख आहे, आणि त्याने मागच्या जन्मांत केलेल्या चुकांची किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे. ज्याने आधी दुसरे गेम खेळलेच नाहीत त्याला हा घाव लागणार कसा? या गेमचे मोठेपण आधीच्या गेमांच्या ओळखीवर उभे आहे, आणि तरीही लोक तो नवख्यांच्या हाती पहिला देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भाषेचीही अडचण आहे. संहिता सुमारे आठ लाख शब्दांची आणि शहरातल्या लोकांची बोली जुन्या लंडनमधल्या चोरट्यांच्या भाषेवरून घेतलेली : ‘जिंक’ म्हणजे पैसा, ‘डार्क’ म्हणजे गुपित. शब्दकोश फारसा उपयोगी पडत नाही, संदर्भाने अर्थ लावावा लागतो. लढाईसाठी ताकद वाढवण्याचा मोह टाळून सुज्ञपणा आणि बुद्धीला जास्त गुण द्या; विसरलेल्या आठवणी आणि संवादांच्या वाटा त्यानेच उघडतात. लढाया या गेमचा सर्वांत कच्चा भाग आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच बोलून टाळता येतात.

1997 चा ‘फायनल फँटसी VII’ ज्यांना ‘क्रोनो ट्रिगर’ फार आवडला त्यांनी त्याच्या पाठोपाठ घ्यावा. मी अजून त्याच्या पहिल्या शहरातच आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. 2002 चा ‘मॉरोविंड’ मात्र ज्यांना मोकळे फिरायला आवडते त्यांनाही मी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाआधी देणार नाही. तिथे कुठे जायचे ते दाखवणारा बाण नसतो, लोकांनी सांगितलेल्या खुणांवरून वाट काढायची असते, आणि दमलेल्या अंगाने मारलेली तलवार समोरच्याला बहुधा लागतच नाही.

यंत्राबद्दल थोडे. माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे आणि हे चारही गेम त्यावर विनातक्रार चालले. ‘क्रोनो ट्रिगर’, आणि ‘बाल्डर्स गेट’ व ‘प्लेनस्केप’च्या सुधारित आवृत्त्या फोनवर आणि टॅबलेटवरही मिळतात, पण शेवटच्या दोन्हींतली अक्षरे फोनवर वाचताना डोळे शिणतात, टॅबलेट असेल तरच तो मार्ग धरा. ‘फॉलआउट’ला कॉम्प्युटर आणि माऊस हवाच. सवलतीच्या दिवसांची वाट पाहिली तर चौघांचा मिळून खर्च एका नव्या गेमपेक्षा कमी येतो, मला तरी तेवढाच आला.

सध्या ‘बाल्डर्स गेट’च्या दुसऱ्या भागात, 2000 सालच्या, तेच जुने पात्र घेऊन गेले आहे. पायऱ्यांवर चार पॉइंटांच्या जिवाने उभी असलेली माझी जादूगार आता एका मंत्रात खोलीभर माणसे रोखून धरते. वहीची पाने संपली, म्हणून काल भाच्याने त्याची शाळेची अर्धी कोरी वही आणून दिली. तिच्या पहिल्या पानावर त्याने जत्रेतल्या डब्याचे चित्र काढले आहे.