चक्कर येतेय: गोळी चालू ठेवायची, फिजिओकडे जायचं की घरीच व्यायाम करायचा?

उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली, चालताना तोल गेला किंवा पडल्या जागी घर गरगर फिरलं, तरी आपल्याकडं सगळ्याला 'चक्कर' हा एकच शब्द. यातलं आपलं कोणतं, ते आधी ओळखा. अंधारी येत असेल तर रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासा. खालची तुलना गरगरण्यापुरती आहे.

माझी आत्या सांगलीत गावभागात राहते. पहाटे उजव्या कुशीवर वळली की तिचं घर फिरायचं. अर्ध्या मिनिटात थांबायचं, पण त्या धास्तीनं आठ रात्री ती खुर्चीत बसून झोपली. मानेचा एक्स-रे झाला, गळ्यात पट्टा आला, गोळ्या आल्या आणि तीन आठवडे गेले. उतारवयात बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसतेच. म्हणून गरगरण्याचं खापर मानेवर फोडू नये, असं माझं ठाम मत झालंय.

दुखणं कानात होतं. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलताच मेंदूला चुकीची खबर जाते. याला डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात.

गोळीनं हा खडा जागेवर जात नाही. मळमळ, उलट्या होत असतील तर सुरुवातीचे दोन-तीन दिवस तिचा आधार मोठा असतो, तेवढा जरूर घ्यावा. पण सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिनसारखी औषधं महिनोन् महिने चालू राहिली तर सुस्ती येते, म्हाताऱ्या माणसांचे हात कापायला लागू शकतात, आणि तोल सावरायला शिकणारा मेंदूही मंदावतो. मनानं बंद करू नका. किती दिवस घ्यायची, हे मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

फिजिओकडे आत्याला आम्ही मिरजेला नेलं. त्यांनी तिचं डोकं उजवीकडं वळवून तिला झटकन आडवं केलं, मान पलंगाच्या कडेखाली जराशी झुकवली. दोन-चार सेकंद काही नाही, मग बुबुळं गोल फिरत थरथरू लागली. आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं. ही डिक्स-हॉलपाईक तपासणी. कोणता कान ते तिच्यातून कळतं. लगेच पुढं एपली पद्धत: डोकं डावीकडं, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, तोंड जमिनीकडं, मग उठून बसायचं. प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट. जॉन एपली या अमेरिकन कानाच्या डॉक्टरांनी ती शोधली, १९९२ साली त्यांचा लेख आला. बऱ्याच जणांना एक-दोन खेपांत गुण येतो. जाण्याआधी फोनवर विचारा, "डिक्स-हॉलपाईक करता का?" नुसतं मानेला शेक आणि ट्रॅक्शन सांगितलं तर दुसरीकडं जा. मानेचं ऑपरेशन किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास झाला असेल तर आधीच सांगा.

घरच्या घरी करायचे ब्रँट-डॅरॉफ व्यायाम सोपे आहेत: पलंगाच्या कडेला बसून एका कुशीवर पडायचं, ३० सेकंद थांबायचं, उठायचं, मग दुसरी कूस. गुण सावकाश येतो. व्हिडिओ बघून एपली करू नका. बाजू चुकली तर उपयोग नाही. फिजिओनं एकदा दाखवल्यावर खुशाल करा.

गरगरणं दिवसभर, सलग काही दिवस राहिलं, तर ती कानाच्या नसेची सूज असू शकते. तिथं एपली लागू पडत नाही. अंगठ्यावर नजर रोखून डोकं हलवण्यासारखे व्यायाम काही आठवडे नेटानं करावे लागतात. सोबत ऐकू कमी येत असेल, कानात आवाज येत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. आणि बोलताना जीभ जड झाली, दोन-दोन दिसू लागलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहता येईना, तर तुलना बाजूला ठेवून थेट मोठ्या दवाखान्यात.

मी निवड केली असती तर पहिल्याच आठवड्यात फिजिओ. जाताना दुचाकी नको, रिक्षा करा, पोट हलकं ठेवा, सोबत कुणीतरी असू द्या. हे परत येऊ शकतं. आत्याला पुढच्या पावसाळ्यात आलंच. तिनं "उजवीकडंच आहे" म्हणून स्वतः फिजिओला फोन लावला.