लार्क क्वारीचे डायनासोर-ठसे: कोरड्या हंगामातल्या तीन फेऱ्यांनंतर

मे ते सप्टेंबर या काळात तीनदा पाहून मगच लिहितोय, कारण पहिल्या फेरीत इथलं अर्धंही कळत नाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या विंटनपासून नैऋत्येला सुमारे ११० किलोमीटरवर ही जागा आहे. साधारण २१० चौरस मीटर खडकावर सुमारे ३,३०० ठसे, वय ९.५ कोटी वर्षांच्या आसपास. १९७६-७७ मध्ये ६० टनांहून जास्त खडक हटवून ते उघडे केले.

आत गेल्यावर आधी मोठे, तीन बोटांचे ११ ठसे शोधा. अर्ध्या मीटरएवढे आहेत, लगेच सापडतात. मग त्यांच्या उलट दिशेने गेलेले कोंबडी ते इमूएवढ्या पायांचे छोटे ठसे बघा. ठशांचा अभ्यास करणारे संशोधक थलबॉर्न आणि वेड यांचं म्हणणं होतं की मोठा प्राणी मांसाहारी आणि छोटे जीव घाबरून पळाले. २०११ मध्ये रोमिलिओ आणि सॅलिसबरी यांनी मोठे ठसे शाकाहारी डायनासोरचे ठरवले. पुढे २०१३ मध्ये, छोट्यांपैकी बरेच पाण्यात पोहत होते आणि बोटांनी तळ खरवडत गेले, असंही मांडलं गेलं. थलबॉर्नना हे पटलं नाही. म्हणून टाच न उमटता नुसते लांब ओरखडे कुठे आहेत, ते गाइडला मुद्दाम विचारा. सगळा वाद तिथेच अडकलाय, आणि तो समोर ठेवून पाहिलं की खडक वाचता येतो. माझ्या मते या जागेचं खरं मोल हेच.

पूर्वी इथे फक्त छप्पर होतं. पाणी, धूळ आणि जनावरांमुळे ठसे झिजत होते. २००२ मध्ये ठोकलेल्या मातीच्या भिंतींची बंद इमारत झाली. आता गाइडसोबतच आत जाता येतं आणि उंच वाटेवरूनच बघायचं. छोटी दुर्बीण न्या. फ्लॅश बंद ठेवा, समोरच्या उजेडाने सावल्या जातात आणि ठसे सपाट दिसतात.

रस्त्याचं मात्र गांभीर्याने घ्या. वाटेत पेट्रोल नाही, विंटनलाच टाकी भरा. मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. माणशी निदान पाच लिटर पाणी आणि पूर्ण आकाराचं स्पेअर चाक हवं. कच्चा पट्टा लागला तर टायरची हवा ३६ वरून २८-३० पीएसआयवर आणा, नाहीतर टणक टायर धारदार खड्यांवर फाटतो. डांबरावर आल्यावर पंपाने पुन्हा भरा. पावसानंतर चिकण माती चाकांना लपेटते, तेव्हा रस्ता उघडा आहे का ते आधी पाहा. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला परवानगी आहे का, तेही वाचा. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. सूर्य मावळण्याआधी विंटनला पोचाल अशा बेताने निघा.