ग्रॅन टुरिस्मो ४ की ७? ८९ आणि ८७ मधलं अंतर

मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांच्या गुणांची शंभरपैकी सरासरी मिळते. तिथे ग्रॅन टुरिस्मो या प्लेस्टेशनवरच्या कार शर्यतींच्या व्हिडिओ गेम मालिकेचे गुण क्रमाने वाचत गेलं की घाट उतरल्यासारखं वाटतं. पहिल्या भागाला ९६, मग ९३, ९५, चौथ्याला ८९, पाचव्याला ८४, सहाव्याला ८१ आणि २०१७ च्या ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’ला ७५. २०२२ मध्ये सातवा भाग एकदम ८७ वर चढला. नुसते आकडे पाहिले तर चौथा आणि सातवा जवळपास सारखेच. माझ्याकडे दोन्ही आहेत. कोणता घ्यावा असं मला विचारतात, तेव्हा मी आधी एवढंच सांगतो की ते ८९ आणि हे ८७ एका मापाने मोजलेले नाहीत.

चौथा भाग २००४ च्या अखेरीस जपानमध्ये आला. सातशेहून जास्त गाड्या, आणि जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगचा वीस किलोमीटरहून लांब नॉर्डश्लाइफे हा ट्रॅक मालिकेत पहिल्यांदाच. तरीही समीक्षकांनी गुण कापले. एक तर कबूल केलेल्या ऑनलाइन शर्यती ऐन वेळी वगळल्या होत्या. शिवाय गाडी भिंतीवर आदळली तरी पत्र्याला पोचा येत नाही, आणि बाकीचे स्पर्धक एका रेषेत मुंग्यांसारखे चालतात. तक्रारी रास्तच होत्या.

गाडी चालवण्याचं सुख सातव्यात जास्त आहे, यात मला शंका नाही. ब्रेकवर चाक सरकायला लागलं की ते कंट्रोलरच्या बटणातून बोटाला कळतं. पाऊस थांबल्यावर ट्रॅकवर सुकत जाणारी रेषा शोधत गाडी हाकणं तर मला फार आवडतं. पीएस ५ (प्लेस्टेशन ५) आणि भरवशाचं नेट असेल, तर कदाचित तुम्हाला पुढे वाचायची गरजही नाही.

माझं घोडं नेटवरच अडलं. सातव्यात कॅफे (जिथून खेळातली पुढची कामं मिळतात), मुख्य शर्यती, स्वतः जमवलेल्या गाड्या, सगळ्यालाच इंटरनेट लागतं. एकट्याने खेळायचं असलं तरीही. नेट नसेल तर म्युझिक रॅली ही गाण्याच्या तालावरची शर्यत आणि थोडी आर्केड म्हणजे सुटी शर्यत एवढंच हाती उरतं. आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी वीज जाते. घरात इन्व्हर्टर आहे, टीव्ही आणि कन्सोल चालू राहतात, पण रस्त्यावरच्या खांबावरचा नेटचा डबा बंद पडतो. दिवसभराच्या कामानंतर मिळालेला तो एक तास मी कितीदा तरी नुसता स्क्रीनकडे बघत घालवला आहे. गाड्या माझ्या, पण त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, हे मला अजूनही सहन होत नाही.

हा त्रास ८७ मध्ये फारसा उतरला नव्हता, कारण परीक्षणं खेळ बाजारात येतानाच लिहून होतात. सातवा भाग आला ४ मार्च २०२२ ला. दोनच आठवड्यांत एका अपडेटनंतर सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद राहिले, आणि काही शर्यतींची बक्षिसाची रक्कमही कमी केली गेली. खेळाडूंनी दिलेले गुण १० पैकी २ च्या आसपास घसरले. निर्माते काझुनोरी यामाउची यांनी माफी मागितली, खेळाडूंना दहा लाख क्रेडिट (खेळातले पैसे) दिले, शर्यतींची बक्षिसंही पुढे वाढली. समीक्षकांचे ८७ मात्र जागचे हलले नाहीत. खेळाडूंचा तो २ सुद्धा मी प्रमाण मानणार नाही. तो त्या आठवड्याचा संताप होता.

स्पोर्टचं याच्या उलट झालं. एकट्याने खेळायला फारसं काही नाही म्हणून त्याला ७५ मिळाले, पण डिसेंबर २०१७ मध्ये जीटी लीग ही एकट्याने खेळायच्या शर्यतींची मालिका आली आणि ती उणीव बरीचशी भरून निघाली. जानेवारी २०२४ अखेर त्याचे सर्व्हर बंद झाले, आणि तेव्हापासून तो नेटशिवाय चालतो. गुण अजून ७५ च.

चौथ्याचे दोष अजून तसेच आहेत. नव्या टीव्हीवर चित्र मऊ, पुसट दिसतं, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत मध्येच सेव्ह करता येत नाही. पण बटण दाबलं की माझं गॅरेज उघडतं. रोज थोडा वेळ खेळणाऱ्याला, नेटचा भरवसा नसेल तर, मी जुना पीएस २ आणि चौथाच सुचवेन. कन्सोल घेताना सोबत मेमरी कार्ड आहे ना, ते तेवढं आधी पाहा. कार्ड नसेल तर खेळ सेव्ह होत नाही, आणि शर्यतींसाठी लागणाऱ्या खेळातल्या लायसन्सच्या परीक्षा दर वेळी पहिल्यापासून द्याव्या लागतील.