ड्रॅगी जीपीएस मीटर: ०-१०० मोजायचं तर नीट मोजा

इंदूरमध्ये गाडीचा पिकअप, म्हणजे ० ते १०० किमी/तास वेग गाठायला लागणारा वेळ, बहुतेक जण स्पीडोमीटर आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजतात. दोन्ही दगा देतात: काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो आणि फोनचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच वेग देतं. काडेपेटीएवढं ड्रॅगी सेकंदाला १० वेळा वेग टिपतं, म्हणून ०.१ सेकंदाचा फरकही कळतो. गाडीच्या निदान सॉकेटला लावायचा ओबीडी डोंगल इथे कमी पडतो. तो पूर्ण आकड्यांतच आणि थोडा उशिरा वेग देतो.

डबी डॅशबोर्डवर काचेजवळ घट्ट बसवा, सैल राहिली तर नोंद बिघडते. उपग्रह पकडायला दोन-तीन मिनिटं द्या. खरी गोम उताराची. १२ सेकंदांत १०० गाठणारी गाडी फक्त १ टक्का उतारावर जवळजवळ अर्धा सेकंद लवकर पोहोचते! म्हणून दोन्ही दिशांना तीन-तीन रन घेऊन सरासरी काढा. एसी बंद, टाकीत दर वेळी तेवढंच पेट्रोल. 'वन फूट रोलआउट' ही सेटिंग चालू असेल तर पहिले ३० सेंटीमीटर वगळले जातात. तुलना करताना हे सांगाच.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरसारख्या वाहत्या रस्त्यावर मात्र हे अजिबात करू नका, जीव जाईल. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथे रीतसर परवानगी काढा.