चिंगीची खाज, गेलेले केस आणि हायड्रोलाइज्ड खाद्य: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तोडलेल्या प्रथिनांचे पशुवैद्यकीय खाद्य मी आमच्या चिंगी या मांजरीला उन्हाळ्याच्या अखेरीपासून जवळजवळ दिवाळीपर्यंत दिले. अशी खाद्ये एकाहून अधिक कंपन्यांची मिळतात आणि कोणते घ्यायचे हे मांजर तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवावे, म्हणून येथे कंपनीचे नाव देत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगते: खाजेवरचे औषध समजून कोणी हे खाद्य विकत घेतले, तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता अधिक आहे, मात्र इतर कारणे आधी तपासून, घरातल्या सर्वांनी शिस्त पाळून आणि शेवटी जुने अन्न पुन्हा देऊन पाहण्याच्या तयारीने ते वापरले, तर अन्नाच्या ॲलर्जीबाबत रक्ताच्या तपासणीतून मिळत नाही इतके भरवशाचे उत्तर त्यातून मिळते.

आम्ही अलिबागला राहतो. चिंगी देशी जातीची, वयाने मोठी आणि एरवी ठणठणीत मांजरी आहे. तिच्या पोटावरचे आणि मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस विरळ होत होत पार गेले होते, पण तेथील कातडी मऊ आणि स्वच्छ होती, लालीसुद्धा नव्हती. याउलट शेपटीच्या मुळाजवळ केस भरपूर होते आणि त्यांतून बोटे फिरवली की बाजरीच्या दाण्याएवढ्या बारीक खपल्या हाताला लागत. तिला सतत चाटताना घरात कोणीच पाहिले नव्हते, त्यामुळे केस आपोआप गळत असावेत असे सर्वांना वाटत होते. डॉक्टरांनी टक्कल पडलेल्या जागेच्या कडेचे काही केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि मलाही पाहायला लावले. आपोआप गळणाऱ्या केसाचे टोक निमुळते असते. चिंगीच्या केसांची टोके तुटलेली आणि चिरफाळलेली होती. ती स्वतःच केस चाटून तोडत होती. मांजरे हे काम पुष्कळदा रात्री किंवा एकांतात करतात, आणि विष्ठेत किंवा उलटीत सापडणारे केस हाच त्याचा पुरावा असतो. या एका तपासणीने प्रश्नच बदलला: केस का गळतात याऐवजी तिला खाज का सुटते, हे शोधायचे होते.

खाजेचे पहिले कारण पिसवा. “आमच्या मांजराला पिसवा नाहीत” हे वाक्य डॉक्टरांना रोज ऐकू येत असणार, पण खाज सुटलेले मांजर इतक्या निगुतीने अंग साफ करते की पिसू दिसतच नाही. बारीक दातांच्या फणीने चिंगीची पाठ विंचरल्यावर फणीत काळे कण आले. ते ओल्या कापसावर ठेवले तेव्हा प्रत्येक कणाभोवती तांबूस तपकिरी कडे पसरले, म्हणजे ती साधी धूळ नसून पिसवांची विष्ठा, अर्थात पचलेले रक्त होते. ज्या मांजराला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला थोड्याशा चाव्यांनीही अंगभर खाज सुटते. घरातील एकूण पिसवांपैकी मांजराच्या अंगावरच्या प्रौढ पिसवा साधारण पाच टक्केच असतात. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष गालिच्यात, गादीच्या शिवणीत आणि फरशीच्या फटींत असतात. म्हणूनच मानेवर टाकायचे सेलामेक्टिन या पिसवांवरच्या औषधाचे थेंब चिंगीबरोबर घरातल्या बोक्यालाही दर महिन्याला चालू केले आणि गाद्या-चादरी गरम पाण्याने धुतल्या. येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते मांजरांना विषारी आहे. त्याने थरथर, झटके आणि मृत्यूही येतो. फिनाईल, कापूर आणि नाना तऱ्हेची सुगंधी तेले यांपासूनही मांजराला दूर ठेवावे, कारण अंगाला लागलेले सर्व काही ते चाटून पोटात घेते.

बुरशी आणि सूक्ष्म किडे यांचा निकाल त्या मानाने लवकर लागला. ज्याला आपण गजकर्ण म्हणतो ती बुरशी मांजरांत बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस या जातीची असते आणि ती माणसांनाही होते. वूड्स लॅम्प या अतिनील किरणांच्या दिव्याच्या प्रकाशात बाधित केस हिरवे चमकू शकतात, पण केस चमकले नाहीत म्हणजे बुरशी नाही असे म्हणता येत नाही. म्हणून अंगावरून दातघासणीचा ब्रश फिरवून नमुना कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढते का ते पाहण्यासाठी, दिला आणि त्याच्या अहवालाची दोन-तीन आठवडे वाट पाहिली. अहवालात बुरशी नव्हती, कातडी खरवडून घेतलेल्या नमुन्यांतही काही सापडले नाही.

थेंबांचा परिणाम स्पष्ट झाला: पाठीवरच्या खपल्या गेल्या. पोट मात्र उघडेच राहिले. याच टप्प्यावर बहुतेक घरांत दोनपैकी एक सल्ला मिळतो. एक म्हणजे, “ती ताणामुळे चाटते.” आमच्याकडे बोका नुकताच आणलेला होता, त्यामुळे हे कारण सर्वांना पटलेही होते. परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक कारणाने केस चाटतात असे गृहीत धरलेल्या २१ मांजरांची नीट तपासणी केली, तेव्हा १६ मांजरांत वैद्यकीय कारण निघाले आणि निव्वळ मानसिक कारण फक्त दोघांत उरले. दुसरा सल्ला दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा. त्याने खाज थांबते हे खरे आहे आणि काही मांजरांना स्टेरॉइडची खरोखर गरज असते. पण कारण शोधत असताना ते दिले तर पुढच्या तपासण्यांचा अर्थ लावता येत नाही, शिवाय वारंवार दिल्यास मधुमेहाचा धोका वाढतो. मांजराला कोणते इंजेक्शन देत आहात आणि त्याचा परिणाम किती दिवस राहतो, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

मग आहाराची पाळी आली. मांजरांत अन्नाच्या ॲलर्जीला कारणीभूत होणाऱ्या पदार्थांत गोमांस, मासे आणि कोंबडी हे पुढे असतात, आणि आमच्या किनाऱ्यावर तर मांजर म्हटले की मासे हे समीकरणच आहे. दारावर येणारी कोळीण मावशी बांगड्याचे डोके चिंगीसाठी बाजूला काढून ठेवायची. हायड्रोलाइज्ड खाद्यात प्रथिनांचे रेणू इतके बारीक तोडलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा सहसा त्यांना ओळखत नाही. किमान आठ आठवडे हे एवढेच खाऊ घालायचे. अन्नाची ॲलर्जी असलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मांजरांत तेवढ्या काळात फरक दिसतो. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जूनपासून ६१ दिवस बंद असते, म्हणून मी मुद्दाम हाच काळ निवडला आणि घरात ताजी मासळी कमी असल्याचा फार उपयोग झाला. खरा धोका सुक्या मासळीचा होता. सुकट आणि बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यांत गेले, जेवणाची ताटे उठल्याबरोबर धुतली जाऊ लागली, बोक्याला वेगळ्या खोलीत जेवण मिळू लागले आणि चिंगीचे बाहेर फिरणे बंद झाले. सासूबाईंना चिंगीला रिकाम्या हाताने परत पाठवणे जिवावर येई, तरी त्यांनीच हा नियम सर्वांत काटेकोर पाळला. पोटातले केस बाहेर पडावेत म्हणून चाटवायची पेस्ट आणि चवदार गोळ्या हेही या काळात चालत नाही.

आता प्रत्यक्ष खाद्याविषयी. दाणे लहान आणि जवळजवळ बिनवासाचे आहेत, त्यामुळे चिंगीने आरंभी नुसते हुंगून पाठ फिरवली. जुन्या खाद्यात थोडे थोडे मिसळत आठवडाभराहून अधिक काळ घेऊन बदल केला, दाण्यांवर कोमट पाणी शिंपडले, तेव्हा ती खाऊ लागली. भूक लागली की आपोआप खाईल या भरवशावर मांजराला कधीही उपाशी ठेवू नये. एक-दोन दिवसांच्या उपवासानेही, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. पोट बिघडले नाही, विष्ठा घट्ट झाली आणि तिचा उग्र वास कमी झाला. किंमत साध्या खाद्याच्या कित्येक पट आहे, आणि किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात दाणे लगेच सर्द होतात, म्हणून मोठे पाकीट स्वस्त पडत असले तरी लहानच घ्यावे आणि मूळ पाकिटासकट हवाबंद डब्यात ठेवावे.

पहिले काही आठवडे काहीच बदल दिसला नाही आणि घरात नाराजी पसरली. जुलै उजाडल्यावर विष्ठेतले केस कमी झाले, मग पोटावर मऊ लव आली. सहावा आठवडा उलटल्यावर काढलेल्या फोटोंत फरक उघड दिसत होता. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढल्याने तो ओळखता आला.

येथे बहुतेक लोक थांबतात आणि हेच महागडे खाद्य जन्मभर चालू ठेवतात. डॉक्टरांनी जुने अन्न पुन्हा द्यायला सांगितले, कारण सुधारणा पिसवांच्या औषधाने झाली की आहाराने हे त्याशिवाय कळत नाही. मनाला ते फार जड गेले. जुने अन्न सुरू केल्यावर आठवड्याच्या आत ती पुन्हा पोट चाटू लागली आणि कानामागे ओरबाडू लागली. खाद्य परत चालू करून ती शांत झाल्यावर नुसते उकडलेले चिकन दोन आठवडे दिले, काही झाले नाही. मग उकडलेला बांगडा दिला आणि चार दिवसांत खाज परतली. म्हणजे पिसवा आणि मासे अशी दोन कारणे एकाच मांजरीत होती, आणि त्यांपैकी एकावरच उपचार करून भागले नसते.

हायड्रोलाइज्ड खाद्य आता बंद आहे. चिंगी मासळीविरहित चिकनच्या खाद्यावर आहे आणि दोन्ही मांजरांचे दरमहा थेंब चालू आहेत. असे खाद्य शोधताना पाकिटाच्या दर्शनी भागावर विसंबू नये, कारण चिकन असे ठळक छापलेल्या अनेक पाकिटांच्या घटकांच्या यादीत माशांचे पीठ किंवा तेल असते. ज्यांच्या मांजराला मूत्रपिंडाचा किंवा अन्य जुना आजार आहे, किंवा जे अजून पिल्लू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये. आहार नेटाने पाळूनही खाज गेली नाही तर धूळ, परागकण अशा वातावरणातल्या घटकांच्या ॲलर्जीचा विचार होतो आणि त्यासाठी प्रेडनिसोलोन किंवा सायक्लोस्पोरिनसारखी औषधे देखरेखीखाली दिली जातात. म्हणून चाचणी सुरू केल्याची तारीख, दिलेले प्रत्येक औषध आणि चुकून पोटात गेलेला प्रत्येक घास वहीत लिहून ठेवावा आणि ती वही प्रत्येक भेटीला डॉक्टरांकडे न्यावी.