पाद्री म्हणावं की पाळक?

मराठी बातमीत ख्रिस्ती धर्मगुरू आला की सरसकट 'पाद्री' लिहिलं जातं. मला ते खटकतं.

'पाद्री' आला पोर्तुगीज 'पाद्रे'वरून, म्हणजे वडील. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती, गोवा तर १९६१ पर्यंत. शब्द अर्थाने चुकीचा नाही, पण तो लांबून बोट दाखवून वापरायचा. वसईच्या कॅथलिक घरात 'पाद्री आले' असं सहसा कुणी म्हणत नाही. 'फादर आले' म्हणतात. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांनाही आपण फादर दिब्रिटो असंच म्हटलं.

'पाळक' प्रोटेस्टंट मंडळींचा. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), जालन्याकडच्या चर्चमध्ये 'पाळकसाहेब' कानावर पडतं. मागे उभा आहे कळप राखणारा मेंढपाळ, आणि 'पाळणे' हे आपलंच क्रियापद. म्हणून हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो. नावाआधी मात्र रेव्हरंड: रेव्हरंड ना. वा. टिळक.

फरक निव्वळ शब्दाचा नाही. फादर सहसा अविवाहित. पाळकांना संसार असतो, त्यांच्या पत्नीलाही चर्चच्या मंडळीत मान असतो. म्हणून 'पाद्रीसाहेबांच्या पत्नी' असं लिहिण्याआधी चर्च कोणतं ते विचारा. कळलं नाही तर 'धर्मगुरू' लिहा.